‘सी ऑफ सॉलिट्यूड’ आणि ‘अंडर द वेव्हज’: समुद्र दोन, दुखणी दोन

समुद्र, एकटेपणा आणि दुःख या तिन्ही गोष्टी ज्यात आहेत असा व्हिडिओ गेम कोणी विचारला की ‘सी ऑफ सॉलिट्यूड’ आणि ‘अंडर द वेव्हज’ ही दोन नावे एका दमात घेतली जातात. ऐकणाऱ्याची समजूत अशी होते की यांतला कोणताही एक खेळला तरी चालेल. या घोटाळ्याला काही सबळ कारण आहे हे मान्य केले पाहिजे. पहिला गेम बर्लिनच्या जो-मेई स्टुडिओने केला आणि जुलै २०१९ मध्ये तो ईए (इलेक्ट्रॉनिक आर्ट्स) कंपनीमार्फत बाजारात आला. मात्र मार्च २०२१ मध्ये निन्टेन्डोच्या स्विच या गेमयंत्रासाठी निघालेली त्याची ‘डायरेक्टर्स कट’ आवृत्ती फ्रान्सच्या क्वांटिक ड्रीमने प्रकाशित केली. त्याच क्वांटिक ड्रीमने ऑगस्ट २०२३ मध्ये पॅरलल स्टुडिओचा ‘अंडर द वेव्हज’ आणला. प्रकाशक एक, मुखपृष्ठावर पाणी, वर्णनात एकाकीपण. मग न खेळता शिफारस करणाऱ्यांचे फावले तर नवल नाही.

‘सी ऑफ सॉलिट्यूड’ बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून त्याविषयी थोडक्यात सांगतो. अतोनात एकटी पडलेली माणसे राक्षस होतात, हे या जगाचे गृहीतक आहे. काळ्या अंगाची, लाल डोळ्यांची के ही तरुणी छोट्या होडीतून बुडालेल्या शहरात फिरते आणि घरच्या माणसांच्या राक्षसरूपांना एकेक करून सामोरी जाते: शाळेत छळला जाणारा धाकटा भाऊ, एकमेकांपासून तुटलेले आईवडील, नैराश्यात बुडालेला प्रियकर. गेमच्या दिग्दर्शिका कॉर्नेलिया गेपर्ट यांनी ही कथा स्वतःच्या एकटेपणाच्या काळातून आल्याचे उघडपणे सांगितले आहे. तीन-चार तासांत गेम संपतो.

‘अंडर द वेव्हज’मध्ये स्टॅन हा व्यावसायिक पाणबुड्या उत्तर समुद्राच्या तळाशी युनिट्रेंच नावाच्या तेलकंपनीसाठी काम करतो. काळ १९७०च्या दशकाचा आहे, पण प्रत्यक्षात कधीच नव्हती अशी यंत्रे असलेला. स्टॅनची लहान मुलगी गेली आहे, आणि त्याने ही कामगिरी स्वतःहून पत्करली आहे.

कॅमेरा, चित्रशैली, लांबी, किंमत हे फरक दुकानाच्या पानावर दोन मिनिटांत कळतात. त्यांवर शाई खर्च करण्याचे कारण नाही. खरी गफलत होते ती एकाच ठिकाणी. दोन्ही गेम ‘दुःखाविषयी’ आहेत असे म्हटले जाते आणि तिथेच विचार थांबतो. ‘सी ऑफ सॉलिट्यूड’च्या कथेत केने गमावलेली माणसे मेलेली नाहीत. भाऊ जिवंत आहे, आईवडील जिवंत आहेत, प्रियकरही जिवंत आहे. दुरावलेले आहेत, दुखावलेले आहेत, आणि केने त्यांचे म्हणणे कधी नीट ऐकून घेतलेले नाही. म्हणूनच या गेममधल्या राक्षसाशी बोलता येते, तो काय म्हणतो ते ऐकता येते, आणि ऐकल्यावर त्याचे रूप पालटू शकते. प्रियकराच्या बाबतीत के हिला अखेर त्याच्यापासून दूर होणे स्वीकारावे लागते, पण तोही निर्णय दोन जिवंत माणसांमधला आहे. एकटेपणा हाच इथला आजार आहे, आणि त्यावर काही ना काही इलाज शिल्लक आहे.

स्टॅनपाशी असा इलाज नाही. ज्या व्यक्तीशी त्याला बोलायचे आहे ती नाही, आणि जी आहे ती त्याची पत्नी एमा फोनच्या दुसऱ्या टोकाला असूनही त्याच्याकडून तिच्याशी बोलणे होत नाही. इथे एकटेपणा आजार म्हणून येत नाही, तर शोकात बुडालेल्या माणसाने स्वतःसाठी शोधलेली लपण्याची जागा म्हणून येतो. के हिला एकटेपणातून बाहेर यायचे आहे आणि वाट सापडत नाही. स्टॅनला वाट ठाऊक आहे आणि त्याला वर यायचे नाही. एवढे ध्यानात घेतले की दोन्ही गेम खेळायला इतके वेगळे का वाटतात हे आपोआप उलगडते.

पाण्याचेच पाहा. ‘सी ऑफ सॉलिट्यूड’ला ‘पाण्याखालचा गेम’ म्हणणाऱ्यांचा मला विशेष राग येतो, कारण त्यात पाण्यात उतरणे म्हणजे संकट ओढवून घेणे असते. खाली एक अजस्र प्राणी घिरट्या घालत असतो, आणि होडी सोडून पोहायचे तर त्याची पाठ वळण्याची वाट पाहून जीव मुठीत धरून पुढचे छप्पर गाठावे लागते. सगळा खेळ पृष्ठभागाच्या वर राहण्याचा आहे. शहराच्या रस्त्यांवर उतरता येते ते पाणी ओसरल्यावर. ‘अंडर द वेव्हज’मध्ये पाणी मऊ आहे. ‘मून’ नावाच्या छोट्या पाणबुडीतून बाहेर पडले की शेवाळाची रानं, बुडालेली जहाजे, दुरून जाणारे देवमासे दिसतात. प्राणवायू मर्यादित असतो खरा, पण ती काळजी फार वेळ छळत नाही. राहण्याच्या खोलीत बिछाना आहे, गिटार आहे. तिथे बरे वाटते, आणि नेमका तोच धोका आहे. के बुडेल ही भीती आपल्याला सतत वाटते. स्टॅन इथेच राहील ही भीती बऱ्याच उशिरा वाटू लागते, कारण तोवर आपणही तिथे रमलेले असतो.

संथपणाबद्दलची तक्रारही याच गैरसमजातून येते. ‘सी ऑफ सॉलिट्यूड’ खेळून आलेल्या माणसाला ‘अंडर द वेव्हज’ रेंगाळलेला वाटतो: पाणबुडीने लांबवर जा, बाहेर पड, बिघाड दुरुस्त कर, परत ये, झोप, उद्या पुन्हा तेच. माझ्या मते हा रटाळ क्रमच या गेमचा आशय आहे. घरात मृत्यू झाल्यावर माणूस कामाला जुंपून घेतो, आणि काम चालू आहे तोवर सगळे ठीक आहे असा त्याचा आणि भोवतालच्यांचाही समज होतो. स्टॅनचा वरिष्ठ टिम रेडिओवरून कामे सांगत राहतो आणि स्टॅन ती करत राहतो. खोल पाण्यात त्याला जे भास होऊ लागतात ते या दिनक्रमाच्या फटींतूनच. हा क्रम घाईने उरकला तर भास केवळ देखावे ठरतात.

अर्थात गेम निर्दोष नाही. कचरा गोळा करून वस्तू बनवण्याची यंत्रणा मला अनावश्यक वाटते, आणि तेलकंपनीच्या पापांचे कथानक उत्तरार्धात इतके पुढे सरसावते की मुलीची कथा काही काळ मागे ढकलली जाते. निर्मात्यांनी सर्फरायडर फाउंडेशन युरोप या संस्थेशी हातमिळवणी केली होती, त्यामुळे समुद्रप्रदूषणाचा विषय येणे समजू शकते. पण तो इतक्या ठळकपणे अधोरेखित करण्याची गरज नव्हती. ‘सी ऑफ सॉलिट्यूड’चा दोष वेगळा आहे: जे चित्राने सांगून झाले आहे ते पात्रे पुन्हा बोलून दाखवतात.

आणखी एक खोड मोडायला हवी. दुःखावरचा कोणताही गेम दिसला की त्यावर शोकाचे पाच टप्पे (नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार) चिकटवले जातात. २०१८ च्या ‘ग्रीस’ या गेममध्ये खेळाडूला मिळणाऱ्या, त्या टप्प्यांच्या नावाच्या ट्रॉफीच आहेत, तिथे ते शोभतात. पण मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये ते टप्पे मांडले ते स्वतःच्या मृत्यूला सामोरे जाणाऱ्या रुग्णांच्या मुलाखतींवरून. स्टॅनला ते लावून पाहिले तर काही हाती लागत नाही, आणि केच्या कथेत तर कोणी मेलेलेच नाही.

म्हणून शिफारस करताना समोरच्याचे नेमके काय हरवले आहे हे आधी पाहावे. भांडण, घटस्फोट, अबोला, मित्राचे नैराश्य यांनी घेरलेल्या माणसाला ‘सी ऑफ सॉलिट्यूड’ द्यावा. स्विच असेल तर नव्याने लिहिलेले संवाद आणि नवे आवाज असलेली ‘डायरेक्टर्स कट’ आवृत्तीच द्यावी, मूळ आवृत्तीतले बोलणे फार अवघडलेले आहे. ज्याच्या घरी मूल गेले आहे त्याला ‘अंडर द वेव्हज’ कोणत्या प्रसंगाभोवती फिरतो हे आधी स्पष्ट सांगावे, रहस्यभंग होईल म्हणून लपवू नये, आणि ‘शांत, पाण्याखालचा, मन निवांत करणारा गेम’ असे सांगून तो त्याच्या हाती मुळीच देऊ नये. निवांतपणाच हवा असेल तर २०१६ चा ‘अबझू’ हा गेम आहे.