जात्यावर ओवी का सुचते?

जात्यावर बसलं की ओवी सुचते, असं आपण सहज म्हणून जातो. दळण मात्र सहज नव्हतं. पहाटे अंधारात उठायचं, एका हाताने खुंटा ओढायचा, दुसऱ्या हाताने मूठमूठ धान्याची वैरण घालायची. घरात खाणारी तोंडं जास्त असली की खांद्याला उसंत नाही. नाचणी-बाजरी दळून झाली की पाणी, चूल, शेत पुढे उभंच.

अशा कामात गाणं नेमकं काय करतं? जर्मनीतल्या लाइपझिगच्या मॅक्स प्लांक या संशोधन संस्थेत टॉम फ्रिट्झ आणि सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी व्यायामाची यंत्रं संगणकाला अशी जोडली, की यंत्र ओढलं तरच संगीत घडावं आणि हालचाल बदलली की तेही बदलावं. नुसतं संगीत ऐकत व्यायाम करताना जेवढी दमछाक वाटे, त्याहून ती स्वतःच्या हालचालीतून संगीत घडवताना कमी वाटली. रेडिओ लावून भांडी घासणं आणि गात दळणं यांत फरक आहे तो हाच. ओवीची लय जात्याच्या फेऱ्यातूनच येते. फेरा लांबला की मध्ये ‘गं बाई’ घालून ओळही लांबवायची.

जात्यावर बऱ्याचदा दोघी समोरासमोर बसत, सासू-सून किंवा जावा-जावा, एकाच खुंट्याला हात लावून. ब्राझीलमधल्या शाळकरी मुलांवरचा २०१५ चा एक अभ्यास इथे आठवतो. एका लयीत नाचणाऱ्या मुलांची वेदना सोसण्याची मर्यादा वाढली होती, आणि एकमेकांबद्दलची जवळीकही. मोजायची पद्धत साधी होती. रक्तदाब मोजायचा पट्टा दंडाभोवती फुगवत न्यायचा आणि ‘आता पुरे’ असं कधी म्हणतात ते बघायचं. यामागे मेंदूतली एंडॉर्फिन ही वेदनाशामक द्रव्यं असावीत असं संशोधक मानतात. पण ती तिथे थेट मोजलेली नव्हती, तेव्हा ‘गाण्याने एंडॉर्फिन वाढतं’ हे मोबाइलवर फिरणारं वाक्य जरा जपूनच घ्यावं.

मला मात्र ओवीतल्या शब्दांचं काम जास्त मोठं वाटतं. हेमा राईरकर आणि गी प्वाटवँ या समाजशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकापासून गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत विठ्ठल आहे, भाऊ आहे, माहेर आहे, आंबेडकर आहेत आणि सासुरवास तर पानोपानी. एरवी तोंडातून काढलं तर मार बसेल असं गाऱ्हाणं जात्याच्या घरघरीत चालून जाई. मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लीबरमन यांच्या २००७ च्या प्रयोगात माणसं चित्रातल्या चेहऱ्यावरच्या रागाला किंवा भीतीला शब्दात नाव देत, तेव्हा मेंदूतल्या अमिग्डला या भागाची खळबळ कमी झालेली दिसली. धोका, भीती यांची चाहूल लागली की हा भाग जागा होतो. ओवी गाणारी बाई चित्रातल्या नव्हे, स्वतःच्या दुःखाला शब्द देत होती, तेही ऐकणारी समोर असताना.

अर्थात प्रयोगशाळेतल्या लोकांना कंटाळा आला तर उठून जायची मुभा होती. तिला नव्हती. म्हणून गावात पिठाची गिरणी आली तेव्हा ओवीसाठी कोणी जात्यापाशी थांबलं नाही. बायका डबा घेऊन गिरणीच्या रांगेत उभ्या राहिल्या, आणि योग्यच केलं.