कात्रणांची फाइल आणि उल्लेखनीयतेची पट्टी

शालेय स्पर्धांचा हंगाम उतरणीला लागला की सोलापुरात मला एक विनंती हमखास येते. मी विकिपीडियावर अधूनमधून लिहितो, हे ओळखीपाळखीत पसरल्यापासून तर दरवर्षीच. पार्क स्टेडियमच्या बाहेर चहा पिताना प्लास्टिकची फाइल पुढे सरकते. तालुक्यात पहिला, जिल्ह्यात पहिला, पुणे विभागात दुसरा, राज्यासाठी निवड. प्रमाणपत्रं, ट्रॅकसूटमधला फोटो, पेपरची कात्रणं. "सर, पोराचं एक पान करून टाका की. गुगलवर नाव आलं पाहिजे बघा."

पोरगं खरंच चांगलं पळत असतं, त्यामुळे नाही म्हणताना जड जातं. पण हा नकार माझ्या मनाचा नसतो. त्यामागे कुणाचं पान असावं यावरची वीसेक वर्षांची भांडणं आहेत, आणि तीही बहुतेक इंग्रजी विकिपीडियावर झालेली.

छापील कोशांत हा प्रश्न जागाच सोडवायची. केतकरांचा ज्ञानकोश 23 खंडांचा, बडोद्याच्या मुजुमदारांचा व्यायाम ज्ञानकोश 10 खंडांचा. कोणाला किती ओळी द्यायच्या हे संपादक ठरवायचे आणि वाचक मानायचे. 15 जानेवारी 2001 ला विकिपीडिया सुरू झाला आणि कागदाचा हिशेबच संपला. मराठी आवृत्ती 1 मे 2003 ची, मुहूर्त अर्थातच महाराष्ट्र दिनाचा. जागा फुकट आहे, मग नोंद ठेवायला काय हरकत, असं म्हणणाऱ्यांचा एक गट तयार झाला. पान ठेवायला पैसे पडत नाहीत, पण ते राखायला माणूस लागतो, असं म्हणणारा दुसरा. प्रत्येक पोकेमॉनला स्वतंत्र पान असेल तर आमच्या गावच्या शाळेला का नको, हा त्या काळातला गाजलेला युक्तिवाद. हसू येतं, पण उत्तर देणं सोपं नव्हतं.

खेळाडूंसाठी तेव्हा जी पट्टी निघाली ती साधारण अशी : पूर्ण व्यावसायिक लीगमध्ये खेळलेला असावा, किंवा हौशी खेळ असेल तर त्यातल्या सर्वोच्च पातळीवर. अमेरिका-इंग्लंडच्या मैदानांवरून पाहिलं तर वाक्य सरळ आहे. आपल्याकडे आणलं की ते अडखळतं. आपल्या कबड्डीच्या राष्ट्रीय महासंघाच्या नावातच 'अ‍ॅम्युचर' म्हणजे हौशी हा शब्द आहे. प्रो कबड्डी ही व्यावसायिक लीग आली 2014 मध्ये आणि खो-खोची तशीच लीग, अल्टिमेट खो-खो, 2022 मध्ये. त्याआधी देशातला अव्वल खेळाडूही कागदोपत्री हौशीच, पोटासाठी रेल्वेत नाहीतर पोलिसांत. मराठीत तर हौशी म्हटलं की हौसेनं नाटक करणारी मंडळी डोळ्यांसमोर येतात. पहाटे पाचला मैदानावर घाम गाळणाऱ्या मुलीला हा शब्द लावताना जीभ अडते.

क्रिकेटची गोष्ट वेगळी. प्रथम श्रेणीचा एक सामना खेळला की पान, असा त्यांचा निकष होता. धावफलकातून उचललेल्या दोन ओळींची पानं त्यामुळे ढिगानं तयार झाली. रणजीत एकदा उतरून शून्यावर बाद झालेल्याला पान, आणि दहा वर्षं राष्ट्रीय खो-खो गाजवलेल्याला नाही. लबाडी कुणीच केली नव्हती. पट्टी करायला बसलेल्यांत क्रिकेटवेडे होते, खो-खोचं कुणी नव्हतं, इतकंच.

2005 मध्ये वेगळीच ठेच लागली. जॉन सीगेनथॅलर या अमेरिकी पत्रकाराच्या पानावर कुणीतरी खोडसाळपणे लिहिलं की केनेडी बंधूंच्या हत्येत त्यांचा हात असल्याचा संशय होता. ते चार महिने तसंच राहिलं. त्यानंतर हयात व्यक्तींच्या चरित्रांसाठी कडक धोरण आलं. पोराचं पान मागणाऱ्या बापाला मी आधी हेच सांगतो. ज्या पानावर कुणाची नजर नाही, त्यावर उद्या वर्गातलाच कुणी काय लिहील याचा भरवसा नाही. शिवाय अल्पवयीन मुलाची पूर्ण जन्मतारीख एकदा नेटवर गेली की पुसता येत नाही. वयोगटाच्या स्पर्धांत तारखेवरून किती राडे होतात, हे आपल्याला ठाऊकच आहे.

खेळांचे निकष 2010 च्या सुमारास एकत्र बांधले गेले. 2021 मध्ये ऑलिंपिकला नुसतं जाणं पुरेसं नाही, पदक हवं, असं ठरलं. 2022 मध्ये मोठी चर्चा होऊन 'खेळला म्हणून पान' ही वाटच बंद झाली. आता प्रश्न एकच : ज्यांचा खेळाडूशी काही संबंध नाही अशा विश्वासार्ह माध्यमांनी त्याच्याबद्दल सविस्तर लिहिलंय का? शालेय खेळाडूंना तर अजून कडक, नेहमीच्या बातमीच्या पलीकडचं आणि भरीव काही लागतं. प्रत्येक भाषेची आवृत्ती आपले नियम ठरवायला मोकळी आहे, पण मराठीत 'उल्लेखनीयता' म्हणून जे मोजलं जातं ते याच वळणाचं.

आता ती फाइल उघडू. दहा कात्रणांतली सहा निकालाची, त्यात मुलाचं नाव कंसात. दोन सत्काराची, त्यात मुलापेक्षा पाहुण्यांची नावं जास्त. उरलेल्या दोन एकाच प्रेसनोटच्या. आडनावातली चूकसुद्धा दोन्हीकडे सारखीच, म्हणजे स्रोत एकच. दहावीच्या क्रीडा गुणांना किंवा नोकरीतल्या 5 टक्के खेळाडू आरक्षणाला प्रमाणपत्र चालतं. इथे ते चालत नाही, कारण ते आयोजकानं दिलेलं असतं. वार्ताहरानं घरी जाऊन, प्रशिक्षकाशी बोलून लिहिलेला अर्ध्या पानाचा लेख क्वचितच सापडतो. खरी गोम इथे आहे. पोराचं कसब मोजलं जातच नाही, मोजलं जातं ते त्याच्याबद्दल किती लिहिलं गेलं. जिथे जिल्ह्याचा खेळ चार ओळींत उरकतो, तिथे ही पट्टी आखूडच पडणार.

किरण नवगिरेचं उदाहरण घ्या. सोलापूर जिल्ह्यातली ही क्रिकेटपटू आधी भालाफेक, गोळाफेक करायची. विद्यापीठ पातळीवरच्या त्या पदकांवर तिचं पान टिकलं असतं असं मला वाटत नाही. एप्रिल 2022 मध्ये नागालँडकडून खेळताना तिनं टी-20 सामन्यात नाबाद 162 केल्या, सप्टेंबरमध्ये भारताकडून खेळली, आणि मग लिहिणाऱ्यांची रांग लागली. अर्शिन कुलकर्णीनं 2023 च्या महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये 54 चेंडूंत 117 काढल्या तेव्हा तो 18 वर्षांचा होता. क्रिकेट असल्यानं ती खेळी टीव्हीवर होती आणि दुसऱ्या दिवशी देशभरच्या पेपरांत. वेळापूरच्या रामजी कश्यप या खो-खोपटूला मात्र अल्टिमेट खो-खो सुरू होण्याची वाट बघावी लागली. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत विश्वचषक झाला तेव्हा कुठे खो-खोपटूंची नावं मराठीबाहेर गेली. वेळापुरात पोरं त्याआधीही तितक्याच जोरात पळत होती.

म्हणून मी फाइल परत करताना दोन गोष्टी सांगतो. पान सध्या नको; स्पर्धेच्या नाहीतर खेळाच्या पानावर काही भर घालता येईल का ते बघू. आणि कात्रणं कापताना बातमीच तेवढी कापू नका. तुमच्या फाइलीतल्या एकाही कात्रणावर पेपरचं नाव नाही, तारीख नाही. घरी गेल्यावर आठवेल तेवढं मागच्या बाजूला पेन्सिलनं लिहून ठेवा.