द्राक्षाच्या देठात काय असतं आणि ते कळलं कसं

द्राक्षाचे मणी तोडून खाल्ले की शेवटी हातात जो हिरवा सांगाडा उरतो ना, तो एकदा चावून बघा. जीभ अशी आवळते की कच्ची सुपारी खाल्ल्यासारखं होतं, तो तुरटपणा टॅनिनचा. वायनरीत हे ढिगाने निघतं, आधी मणी वेगळे करताना देठ बाहेर पडतात, मग प्रेसमधून साली-बियांचा चोथा येतो, आणि शेवटी टाकीच्या तळाशी साका बसतो. नुसता चोथाच द्राक्षाच्या वजनाच्या पाचव्या-चौथ्या हिश्श्याएवढा भरतो. सगळे याला कचरा म्हणतात आणि मला ते अजिबात पटत नाही, कारण यात काय दडलंय हे आधी कळलं ते यावर पोट भरणाऱ्यांना, लॅबवाले खूप नंतर आले.

चोथ्यात पाणी घालून पुन्हा आंबवायचं आणि ते पातळ पेय गुलामांना द्यायचं ही रोमन लोकांची पद्धत, रोमन लेखक केटोने इ.स.पू. दुसऱ्या शतकात ते लिहूनच ठेवलंय. पण देठांची खरी गोष्ट दक्षिण फ्रान्समधल्या मोंपेलियेची. तिथे १८ व्या शतकात घराघरांच्या तळघरात बायका जंगाल बनवायच्या, म्हणजे तांब्यावर येणारा तो हिरवा रंग, चित्रकारांना आणि रंगाऱ्यांना लागायचा. वाळवलेले देठ वायनमध्ये भिजवून मातीच्या मडक्यात ठेवायचे, ते आंबून व्हिनेगरचा वास सुटला की देठांचा एक थर आणि तांब्याच्या पत्र्यांचा एक थर असं रचायचं, काही दिवसांनी पत्रे हिरवे पडले की खरवडून घ्यायचे. देठच का, तर त्यांच्या जाळीत वायनही धरून राहते आणि हवाही खेळते, आणि हवेशिवाय व्हिनेगर होतच नाही. आपल्याकडे कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक कळकतं ना, जवळपास तीच केमिस्ट्री, फक्त इथे ती मुद्दाम घडवून आणलेली आणि तिच्यावर घरं चालायची. पुढे देठांऐवजी चोथा वापरायला लागले आणि देठ मागे पडले.

तिकडे पिंपांच्या आत वायनची जी खडबडीत खरपुडी धरते तिच्यापासून बनणाऱ्या क्षारातून शेले या स्वीडिश केमिस्टने १७६९ मध्ये टार्टारिक ॲसिड वेगळं काढलं. आपल्या चिंचेत असतं तेच हे ॲसिड, म्हणून तर चिंच लावली की तांब्याची भांडी लखलखतात. मग फ्रान्सच्या आल्सास भागातल्या थान गावी केस्टनरच्या कारखान्यात टार्टारिक ॲसिड बनवताना भलतंच एक ॲसिड हाती लागलं, घटक तेच, तेवढेच, पण टार्टारिकसारखं ध्रुवीकृत प्रकाशाच्या (म्हणजे एकाच पातळीत थरथरणाऱ्या प्रकाशाच्या) कंपनाची दिशा फिरवायचं नाही, आणि हे कोडं वर्षानुवर्षं कुणाला सुटेना. १८४८ मध्ये पंचविशीतल्या लुई पाश्चरने त्याच्या क्षाराचे स्फटिक चिमट्याने एकेक करून निवडले, तांदळातले खडे निवडतात तसे, आणि दोन ढीग केले, एक डाव्या हाताचा, एक उजव्या हाताचा म्हणा. दोन्हींची पाण्यात द्रावणं केली तर एक प्रकाश एकीकडे फिरवतंय, दुसरं बरोब्बर उलट! बियो या म्हाताऱ्या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाचा विश्वास बसेना, त्याने आपल्यासमोर पुन्हा करून दाखवायला लावलं. रेणूंना डावं-उजवं असतं हे जगाला कळलं ते वायनच्या पिंपातल्या खरपुडीमुळे, आणि आज औषधांची बरीचशी केमिस्ट्री या गोष्टीवर उभी आहे.

सालींचं आणि बियांचं त्यामानाने लवकर भलं झालं. सालीतला रंग, ॲन्थोसायनिन, इटलीत १८७९ च्या सुमारास विकायला सुद्धा लागले. बियांतलं टॅनिन फ्रान्सच्या बोर्दोमधल्या मास्कलिये या संशोधकाने बाजारात आणलं, गंमत म्हणजे त्याला ते पहिल्यांदा सापडलं शेंगदाण्याच्या लाल सालीत, १९४७ मध्ये, द्राक्षाच्या बियांपर्यंत तो नंतर आला.

रेस्वेराट्रॉल या वनस्पतींतल्या रसायनाचंही असंच. १९३९-४० मध्ये जपानच्या ताकाओकांना ते एका रानटी झाडात मिळालं, द्राक्षाच्या पानांत ते १९७६ मध्ये सापडलं, बुरशी लागली की वेल स्वतःच्या बचावासाठी ते बनवते म्हणून. १९९२ मध्ये वायनमध्ये दिसलं, ते हृदयाला चांगलं असावं अशी चर्चा झाली आणि सगळं जग रेड वायनच्या मागे लागलं. आणि देठ? वजनामागे वायनपेक्षा कितीतरी जास्त रेस्वेराट्रॉल देठातच असतं, सोबत त्याचे दोन रेणू जोडून झालेलं व्हिनिफेरिनही, पण तिकडे बघतंय कोण!

इतक्या आधी कामाला आलेल्या देठांचा नीट हिशोब फार उशिरा लागला. पोर्तुगालच्या आवेरो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये लाल द्राक्षांच्या देठांचे जे आकडे दिले ते साधारण असे, सेल्युलोज ३० टक्के, हेमिसेल्युलोज २१ (दोन्ही वनस्पतीच्या तंतूंतले घटक), लाकडाला कडकपणा देणारं लिग्निन १७, टॅनिन १६ आणि प्रोटीन ६. टॅनिन १६ टक्के म्हणजे भरपूर झालं. नुसत्या देठांचा ढीग खतासाठी घातला तर तो लवकर कुजत का नाही याचं उत्तर या आकड्यांतच आहे, लिग्निन आणि टॅनिन दोन्ही जिवाणूंना चटकन पचत नाहीत, म्हणून बारीक करून शेणात मिसळून टाकावे लागतात.