स्वतःविरुद्ध साक्ष देणारी पेशी

विषाणू पेशीच्या आत शिरला की प्रतिपिंडांचं, म्हणजे विषाणूला चिकटून त्याला रोखणाऱ्या प्रथिनांचं, फारसं काही चालत नाही, कारण ती रक्तात आणि पेशींबाहेरच्या द्रवात वावरतात. गंमत म्हणजे मारक टी पेशीलाही, म्हणजे बाधित पेशी ठार करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशीलाही, पेशीच्या आत डोकावता येत नाही. तरी हजारो निरोगी पेशींमधून बाधित पेशी ती बरोबर हुडकते.

याचं कारण असं, की चुगली बाधित पेशी स्वतःच करते. पेशी आपली प्रथिनं सतत मोडीत काढत असते आणि विषाणूने तिच्याकडून करवून घेतलेली प्रथिनंही त्यातून सुटत नाहीत. ८ ते १० अमिनो आम्लांचे (म्हणजे प्रथिनांच्या घटकांचे) काही तुकडे एमएचसी-१ नावाच्या रेणूच्या खाचेत बसवून पृष्ठभागावर मांडले जातात. तांबड्या पेशी सोडल्या तर शरीरातल्या जवळपास सगळ्याच पेशी हे करतात. टी पेशी आपल्या ग्राहीने, म्हणजे पृष्ठभागावरच्या ओळख पटवणाऱ्या रेणूने, हे तुकडे चाचपत फिरते.

हे कोडं सुटलं ते १९७०च्या दशकात, कॅनबेरामध्ये. रॉल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांना दिसलं, की उंदराच्या टी पेशी आपल्याच वाणाच्या बाधित पेशी मारतात. पण एमएचसी वेगळं असलेल्या वाणाच्या पेशींना, विषाणू तोच असूनही, हात लावत नाहीत. म्हणजे नुसता विषाणू ओळखून भागत नाही, तो ‘आपल्या’ एमएचसीवर दिसावा लागतो. तोवर हे रेणू मुख्यतः परक्या अवयवाचं रोपण अयशस्वी करणारे म्हणून ठाऊक होते. पण शल्यविशारदांना छळायला निसर्गाने ते नक्कीच घडवले नसणार! या शोधाला १९९६चं नोबेल मिळालं.

ओळख पटली की टी पेशी सावजाला घट्ट चिकटते आणि विषारी कणिका नेमक्या त्या सांध्याकडे आणून रिकाम्या करते. त्यामुळे शेजारच्या पेशी सहसा वाचतात. कणिकांतलं परफोरिन नावाचं प्रथिन सावजाच्या पटलाला भोकं पाडतं आणि त्या वाटेने ग्रँझाइम हे विकर-रेणू आत जातात. मात्र ते पेशी फोडत नाहीत. प्रत्येक पेशीत आत्मनाशाची यंत्रणा तयारच असते, तिची कळ ते दाबतात. पेशी आक्रसते, तिचा डीएनए तुटतो आणि उरलेले तुकडे भक्षक पेशी गिळतात.

मग याच परफोरिनने टी पेशी स्वतः का मरत नाही? तिच्या पटलातले मेदरेणू इतके दाटीने बसलेले असतात, की परफोरिनला तिथे भोक पाडणं जड जातं. ती सुटून पुढच्या सावजाकडे वळते.

विषाणूही काही कमी नाहीत. सायटोमेगॅलोव्हायरस नावाचा विषाणू एमएचसी-१ला पृष्ठभागावर येऊच देत नाही. तेव्हा नैसर्गिक मारक पेशी, म्हणजे एनके पेशी, पुढे येतात. एमएचसी दिसेनासं होणं हाच त्यांच्या लेखी संशय. त्यावरही या विषाणूने तोड काढलीय: तो एमएचसीसारखं दिसणारं स्वतःचं एक नकली प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर नेऊन ठेवतो.