टक्स मॅथ

टक्स मॅथ हा लहान मुलांकडून बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकाराचा सराव करून घेणारा फुकट कॉम्प्युटर गेम आहे. पूर्ण नाव 'टक्स, ऑफ मॅथ कमांड'. २००१ मध्ये बिल केंड्रिक यांनी तो सुरू केला, मुलांचं चित्रं काढायचं टक्स पेंट पण त्यांचंच. टक्स म्हणजे लिनक्सचा, म्हणजे विंडोजसारख्याच पण फुकट मिळणाऱ्या सिस्टीमचा, चिन्ह असलेला पेंग्विन. कल्पना अटारी कंपनीच्या १९८० च्या मिसाइल कमांड या आर्केड गेमवरून घेतलीय, तिथे नेम धरायचा, इथे उत्तर टाइप करायचं.

वरून धूमकेतू खाली येत असतात, प्रत्येकावर एक गणित असतं, समजा ७ × ६, आणि खाली पेंग्विनांची बर्फाची घरं असतात, ४२ टाइप करून एंटर दाबलं की टक्स लेझर मारतो आणि धूमकेतू फुटतो, वेळेत जमलं नाही तर तो घरावर आदळतो आणि घर वितळतं. धडे क्रमाने आहेत, आधी नुसते आकडे टाइप करायचे, मग बेरीज, पुढे ३ + ? = ७ अशी गाळलेली संख्या, शेवटाकडे ऋण संख्या. फॅक्टरॉइड्स नावाचा वेगळा खेळ पण आत आहे, त्यात दगडांवरच्या संख्या मूळ अवयवांनी फोडायच्या असतात, तो जरा मोठ्या मुलांना.

एक गोष्ट पालकांनी नीट समजून घ्यावी, हा गेम गुणाकार शिकवत नाही, शिकलेला पक्का करतो. सहा-सहा चिंचोक्यांचे सात ढीग ज्या मुलाने कधी मांडलेच नाहीत त्याला वरून पडणाऱ्या धूमकेतूंची फक्त भीती बसते. पण पाढा समजून पाठ झालाय आणि मधलाच विचारला की अडखळतो, अशा मुलाला याचा खरंच खूप उपयोग होतो कारण इथे गणितं पाढ्याच्या क्रमाने येत नाहीत.

मराठी मुलांची यात एक खास अडचण होते. बेचाळीस म्हणताना आधी बे येतो, मग चाळीस, आणि कीबोर्डवर मात्र आधी ४ दाबायचा असतो, त्यामुळे घाईत २४ टाइप होतं, गणित बरोबर येत असूनही घर वितळतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'चाळीस दोन' अशी पद्धत आली ती याच गोंधळासाठी, मंगला नारळीकर तेव्हा गणित समितीच्या प्रमुख होत्या, आणि त्यावरून वाद खूप झाला. शब्द कुठलेही वापरा, पण आपल्या मुलांना आकडे टाइप करायचा तो पहिला धडा दोन-चार दिवस जास्त द्यावा, मोठ्याने बेचाळीस म्हणत आधी ४ आणि मग २.

जीपीएल लायसन्स, म्हणजे कोणीही फुकट वापरावा आणि वाटावा अशी परवानगी, असल्यामुळे शाळेतल्या सगळ्या मशिनवर टाकता येतो, विंडोज असो की लिनक्स, आणि खेळताना नेट लागत नाही.