विकी स्थलांतर

विकी स्थलांतर : अनेक स्वयंसेवकांनी मिळून लिहिलेला ज्ञानसंग्रह, म्हणजे विकी, एका संकेतस्थळावरून किंवा संगणकप्रणालीवरून दुसरीकडे नेण्याची प्रक्रिया. मजकुराची नक्कल करणे हा तिचा सर्वांत सोपा भाग. संपादन इतिहास, चित्रे, साचे (अनेक पानांवर वापरायचे तयार तुकडे), सदस्यांची नावे आणि खुद्द सदस्य यांना सोबत नेणे अवघड असते.

जागा तीच ठेवून केवळ प्रणाली बदलली, तरी काही ना काही मागे राहते. २००२ मध्ये विकिपीडिया यूजमॉडविकी ही जुनी प्रणाली सोडून माग्नुस मान्स्के यांनी लिहिलेल्या प्रणालीवर आला आणि त्याच वर्षी ली डॅनियल क्रॉकर यांनी केलेल्या पुनर्लेखनावर गेला; तिलाच पुढे मीडियाविकी हे नाव मिळाले. या धावपळीत अगदी सुरुवातीची बरीचशी संपादने हरवली. मीडियाविकीचे विकासक टिम स्टार्लिंग यांना ती २०१० मध्ये एका जुन्या बॅकअपमध्ये सापडली.

मालकाची इच्छा नसतानाही स्थलांतर होऊ शकते, ते मुक्त परवान्यामुळे. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देशन-समान वितरण परवान्याखालील मजकूर कोणीही उचलू शकतो. मात्र मूळ लेखकांना श्रेय द्यावे लागते आणि नवा मजकूरही त्याच अटीवर खुला ठेवावा लागतो. संपादन इतिहास सोबत न्यायचा तो या श्रेयासाठी. डोमेन, बोधचिन्ह आणि सदस्यांचे पासवर्ड मात्र जुन्या मालकाकडेच राहतात.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण विकिव्हॉयेजचे. इव्हान प्रोड्रोमू व मिशेल ॲन जेन्किन्स यांनी २००३ मध्ये विकिट्रॅव्हल हा प्रवासमार्गदर्शक सुरू केला आणि २००६ मध्ये तो इंटरनेट ब्रँड्स या कंपनीला विकला. जर्मन स्वयंसेवकांना हे रुचले नाही. ते लेख घेऊन बाहेर पडले व त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांनी विकिव्हॉयेज उभे केले. वर्षभराने इटालियन मंडळीही आली. इंग्रजी समूह २०१२ पर्यंत थांबला. मग बहुतेक प्रचालकांनी (विकीची देखरेख करणाऱ्या सदस्यांनी) विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनच्या छत्राखाली जायचे ठरवले, तेव्हा कंपनीने दोन स्वयंसेवकांवर कॅलिफोर्नियात खटला भरला. मजकूर उचलण्याला परवान्याची मुभा होती, म्हणून वाद व्यापारचिन्हाचा आणि वाचकांच्या दिशाभुलीचा केला गेला. फाउंडेशननेही कंपनीविरुद्ध स्वतंत्र दावा ठोकला. १५ जानेवारी २०१३ रोजी, विकिपीडियाच्या वाढदिवशी, नवे विकिव्हॉयेज रीतसर सुरू झाले आणि पुढच्याच महिन्यात दोन्ही पक्षांत तडजोड झाली. जुन्या सदस्यांच्या संपादनांवर त्यांच्या नावाआधी ‘डब्ल्यूटी’ असा शिक्का अजूनही दिसतो : हे नाव विकिट्रॅव्हलवरून आले आहे, नव्या जागी याच नावाचा माणूस तोच असेल असे नाही, एवढाच त्याचा अर्थ.

जुने घर रिकामे होत नाही, ही या व्यवहारातली खरी मेख. मुंबईवरील इंग्रजी प्रवासलेखाच्या एकाएकी दोन प्रती झाल्या. वर्षानुवर्षे इतरांनी दिलेले दुवे जुन्या पत्त्याकडेच नेत असल्याने शोधयंत्रे बराच काळ तीच प्रत वर दाखवतात आणि नवी ही तिची नक्कल समजतात. वाचक जुन्या पानावर, संपादक नव्या पानावर, अशी ताटातूट होते. त्यामुळे नवे संकेतस्थळ पहिल्या दिवसापासून लेख सुधारून, विस्तारून वेगळे दिसेल असे पाहावे लागते. २०२३ मध्ये फॅन्डम ही विकींना जागा पुरवणारी कंपनी सोडून स्वतःच्या डोमेनवर गेलेल्या, माइनक्राफ्ट या संगणकखेळाच्या विकीलाही हेच करावे लागले.

संगणकखेळांच्या विकींना तर या फेऱ्यांची सवयच झाली आहे. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट खेळाच्या वॉवविकीतील संपादक २०१० मध्ये विकिया सोडून वॉवपीडिया या नावाने कर्स कंपनीच्या आश्रयाला गेले. विकियाने पुढे फॅन्डम हे नाव घेतले आणि २०१८ मध्ये कर्सचे विकी विकत घेतले. ज्याला सोडून निघाले, त्याच्याच दारात संपादक परत आले. २०२३ मध्ये त्यांनी पुन्हा गाठोडे बांधले आणि वॉरक्राफ्ट विकी नावाने तिसरीकडे बिऱ्हाड थाटले.