माकडहाडावरची लाली आणि नर्सिंगचा हिशोब

ऑपरेशन यशस्वी झालं की नाव सर्जनचं होतं. शुश्रूषा उत्तम झाली तर मात्र काहीच घडत नाही: पेशंट पलंगावरून पडत नाही, सलाईनची जागा सुजत नाही, पाठीला जखम होत नाही. न घडलेलं मोजणार कसं? म्हणून नर्सिंगचा दर्जा बऱ्याचदा घडलेल्या इजांवरूनच मोजतात.

त्यात सगळ्यात बोलका बेडसोअर. सतत उताणं पडून राहिलं की माकडहाड, टाचा अशा हाडांच्या उंचवट्यांवर भार येतो, बारीक रक्तवाहिन्या दबतात आणि मांस आतून मरू लागतं. अनुभवी सिस्टर कूस बदलताना लाल झालेल्या जागेवर बोट दाबते. जागा पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर रक्त खेळतंय. दाबूनही लाली हटली नाही तर बेडसोअरची ती पहिली पायरी. आपल्या सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, तिथे गरमपणा, घट्टपणा नाहीतर दुखरेपणा हाताने चाचपावा लागतो.

असे आकडे दर हजार रुग्णदिवसांमागे मांडतात; एक पेशंट एक दिवस राहिला की एक रुग्णदिवस. ३० खाटांचा वॉर्ड महिनाभर भरलेला असेल तर ९०० रुग्णदिवस. त्यात तिघे पलंगावरून पडले तर दर हजारी ३.३.

गोम पुढेच आहे. जी सिस्टर रोज पाठ तपासते आणि खरं लिहिते, तिच्या वॉर्डाचा आकडा फुगतो. नोंद केली की मेमो मिळणार असेल, तर रजिस्टर कोरंच राहणार. त्यामुळे नुसत्या इजांवरून बक्षीस-शिक्षा ठरवणं मला तरी धोक्याचं वाटतं.

त्यापेक्षा एका नर्सकडे पेशंट किती, हे आधी विचारावं. नर्सिंगवर संशोधन करणाऱ्या लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी २००२ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांची माहिती तपासली. नर्समागे एकेक पेशंट वाढला की ऑपरेशननंतर ३० दिवसांत मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी जास्त दिसली. एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही, हे खरं. पण २०१४ साली युरोपातल्या नऊ देशांतही साधारण तोच आकडा आला. कॅलिफोर्नियात तर २००४ पासून हे प्रमाण कायद्यानेच बांधलेलं आहे.

आपल्याकडे गर्दीच्या वॉर्डांत कूस बदलणारे हात पुष्कळदा नातेवाइकांचे असतात. तिथे बेडसोअर कमी निघाले, तरी त्यात सिस्टरचं काम किती आणि रात्रभर उशाशी बसलेल्या मुलाचं किती, हे रजिस्टरवरून कळत नाही.